जोर वाढवून घेतलेली मोटर

मी एक जुनी मोटर आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. मी चिडलेली आहे, आणि कुणावर तेही सांगणार आहे. त्याचं नाव ज्ञानेश.

माझ्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत, भोवती लोहचुंबक. घासून झिजणारे कार्बनचे तुकडे माझ्यात नाहीत, याचा मला फार तोरा होता. पण खरं सांगायचं तर मी एकटी काहीच नाही. कोणत्या वेटोळ्यात कधी, किती वीज सोडायची हे कंट्रोलर नावाचा डबा ठरवतो. वीज जेवढी, तेवढा माझा जोर. माझा पहिला डबा शहाणा होता. तो वीज सतत मोजायचा, या वेटोळ्यातून त्या वेटोळ्यात अलगद न्यायचा आणि मी तापू नये म्हणून ठरल्यापेक्षा जास्त देत नसे.

पिंपळगाव बसवंतच्या छायाताईंच्या विजेवरच्या मालरिक्षात आम्ही दोघांनी तीन हंगाम बागेतली द्राक्षं पॅकहाउसला पोचवली. घड हिसकला की मणी सुटतात, आणि सुटे मणी तिथे कुणी घेत नाही. तिथल्या सुपरवायझर उज्वलाताई क्रेटचा तळ पाहून म्हणायच्या, "छायाताई, तुमच्या गाडीतला घड जसाच्या तसा येतो." ते कौतुक माझंही होतं.

मग एका चढावर डिझेलचा टेम्पो आम्हाला मागे टाकून गेला. शेजारी बसलेल्या ज्ञानेशला, म्हणजे छायाताईंच्या दिराला, ते फार लागलं.

"वहिनी, गाडी लय मरतुकडी चालते. कारभारी मिस्त्रीकडून जोर वाढवून आणतो."

"काही नको, भाऊजी. मला पळायचं नाय, माल पोचवायचाय."

छायाताई दोन दिवस माहेरी गेल्या आणि यानं गाडी परस्पर नेली. कारभारी मिस्त्रीनं बजावलं होतं, "मोटर तापंल, हिसके बी देईल." पण ऐकतो कोण! शहाणा डबा निघाला आणि एक आडदांड डबा बसला. तो वीज टप्प्याटप्प्यानं ढकलायचा, दर टप्प्याला मला धक्का बसायचा, आणि पुरे म्हणणं त्याला ठाऊकच नव्हतं. चढावर माझी वेटोळी भाजून निघायची. ज्ञानेश मात्र खुशीत होता.

छायाताईंनी परत आल्यावर विचारलं, "गाडी हिसके का देते?" हा खुशाल म्हणाला, "पेडलवर तुमचाच पाय जड पडतोय."

आठव्या दिवशी उज्वलाताईंनी क्रेट उचलला. तळाशी नुसते मणी. "छायाताई, उद्यापासून माल दुसऱ्या गाडीनं येईल."

छायाताईंचा चेहरा उतरला. आणि हा सगळ्यांसमोर बोलला, "बाईमाणसाचा पाय धसमुसळाच असतो." मला बोलता आलं असतं तर त्याला तिथेच झापलं असतं.

छायाताईंनी नळाखाली बादली काठोकाठ भरली. "भाऊजी, मागं बसा. ही मांडीवर धरा." चारचौघांत नाही कसं म्हणणार? तो बसला. त्यांनी पाय नुसता टेकवला. गाडी हिसकली आणि अर्धी बादली ज्ञानेशच्या अंगावर गेली.

"आता सांगा, माझा पाय जड हाय का?"

"डबा बदललाय," तो खाली बघत म्हणाला.

"आधी गाडी नीट करून आणा," उज्वलाताई म्हणाल्या. "मग माल तुमच्याच गाडीनं येईल."

जुना डबा परत बसला, पण माझे चुंबक उष्णतेनं कायमचे दुबळे झाले होते. छायाताईंचं काम टिकलं ते नव्या मोटरीवर. मला काढताना त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "हिची काय चूक होती?" त्या म्हणाल्या. मला तेव्हा फार भरून आलं.

आता मी कारभारीच्या फळीवर धूळ खाते. मित्रांनो, जोर अंगात असतो, पण तो बेतानं सोडणारं कुणीतरी लागतं. त्याला काढून फेकू नका. कारभारी हल्ली गाडी ताब्यात देण्याआधी मागे भरलेली बादली ठेवून एक चक्कर मारतो. ज्ञानेश तिथे असला की दोन पावलं मागे सरकतो. तेवढ्यानं माझा राग जात नाही. त्यानं अजून वहिनीची माफी मागितलेली नाही.