राखेवरचं ग्राउंड

आमची पॉवरहाऊस कॉलनी मोडून तीस वर्षं झाली, पण माणसांची हौस काही मोडली नाही. हैदराबादेतच कुणी कुकटपल्लीला, कुणी आमच्यासारखं चिक्कडपल्लीला, पण फोनवरच्या ग्रुपमध्ये रोज सगळे कॉलनीतच. भोंगा किती वाजता व्हायचा, कँटीनची मिरची भजी कशी असायची, हेच चालू. मागच्या वर्षी त्यांना कॉलनीचा नकाशा हवा झाला. तो काढायचा मान आमच्या ह्यांना, कारण लक्ष्मणरावांना सगळं आठवतं म्हणे.

ह्यांनी आठ दिवस बसून नकाशा काढला. क्वार्टर, शाळा, मारुतीचं देऊळ, दोन्ही धुराडी, सगळं जागच्या जागी. फक्त धुराड्यांमागे राखेचं तळं होतं, तिथं ह्यांनी लिहिलं, 'ग्राउंड'.

"अहो, आणि तळं?" मी विचारलं.

"पोरांना ग्राउंडच आठवतंय. उगा कशाला?"

तेही खरंच. कोळशाची राख पाण्याबरोबर त्या तळ्यात सोडायचे. तळं भरल्यावर वरून दोन फूट माती पसरली, ती ह्यांच्याच देखरेखीखाली. त्याआधी एका गवळ्याची म्हैस वरून वाळलेलं बघून चालत गेली, आणि आमच्या डोळ्यांदेखत पोटापर्यंत, मग मानेपर्यंत राखेत रुतली. दोर टाकून उपयोग झाला नाही. पुढे मातीवर गवत आलं, पोरं क्रिकेट खेळायला लागली आणि तळ्याचं नाव काढायचं सगळ्यांनी सोडून दिलं. मीही सोडलं, खोटं कशाला बोलू.

त्या जागेवर आता दहा मजली इमारती झाल्यात. नकाशा बघून आमचा ओमकार हरखून गेला. जिथं सेंच्युरी मारली तिथंच घर घ्यायचं म्हणाला, तेही तळमजल्यावर. विचारायला आला तेव्हा हे "घे, चांगली जागा आहे" म्हणाले आणि मी आत चहा करत राहिले. ते पाप माझ्याही माथी आहे.

यंदा पावसाळा संपला आणि सून त्रिवेणी सांगायला लागली, मागचं दार लागत नाही. सुताराला बोलावून तासून घेतलं. पंधरा दिवसांनी पुन्हा लागेना. मग भिंतीला तडा गेला, बोट जाईल एवढा. आज सकाळी तिचा फोन आला. "आई, न्हाणीतली फरशी खचली. खालून करडं पाणी येतंय, हाताला पिठासारखं लागतं."

ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते, तो खाली ठेवला नाही.

"ओमकारला बोलू नको," हे म्हणाले. "माझ्या शब्दावर घर घेतलंय त्यानं."

"शब्द घाला चुलीत. तीन वर्षांची नात आहे तिथं."

मी ओमकारला फोन लावला आणि तळं, म्हैस, माती सगळं सांगून टाकलं. तो हसला. "आई, तू उगा परेशान नको होऊ. शेजारचे तर सामान बांधून निघाले होते, त्यांनाही कुणीतरी तळ्याचंच सांगितलं होतं. मी बाबांचा नकाशा दाखवला, तेव्हा थांबले बिचारे. बाबांना दे बरं."

मी स्पीकर लावून फोन ह्यांच्यापुढे धरला.

"बाबा, तिथं तळं होतं का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी सांगतील.

"तिचं वय झालंय रे," हे म्हणाले.

पन्नास वर्षं ह्या माणसाच्या ताटात गरम पोळी वाढली. आता भांडायलाही वेळ नव्हता. आधी पोरीला बाहेर काढायचं, मग शेजारच्यांची दारं वाजवायची. मी चपला घातल्या आणि खाली उतरून ऑटो थांबवला.

"कित्ते लोगां, अम्मा?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"जाते मैं अकेली," मी म्हटलं. "आते चार."