होन्नम्माच्या उंचीचा ओटा

मित्रांनो, मी एक जुना नजरबाहुला आहे. चळ्ळकेरे गावातल्या एका आख्ख्या घरावर पडणारी दुनियेची वाईट नजर मी सव्वातीन वर्षं माझ्या छातीवर झेलली आहे. या छातीत भुईमुगाची टरफलं भरलेली आहेत. डोकं म्हणजे तळाला चीर गेलेलं मडकं आहे. कमरेखाली मी पाटबंधारे खात्यातल्या एका निवृत्त हेडक्लार्कची पँट आहे.

आमच्याकडे घराचं काम काढलं की आधी बाहुला टांगतात, मग विटा उतरवतात. रस्त्यानं जाणाऱ्याचे डोळे पहिल्यांदा बाहुल्यावर पडावेत, नजरेची धार तिथेच बोथट व्हावी आणि घर वाचावं, अशी ती योजना. काम पुरं झालं, गृहप्रवेश झाला, की बाहुल्याला उतरवून तिठ्यावर जाळतात. इतरांना निवृत्तीनंतर पेन्शन मिळते, आम्हाला काडी मिळते. पण त्यातही एक मान असतो. जळालेला बाहुला म्हणजे संपलेलं काम.

मला होन्नम्मानं घडवलं, भाड्याच्या घराच्या पडवीत बसून. टरफलं तेलाच्या गिरणीतून आणली, कपडे नवऱ्याचे घेतले, मडक्याला चुना फासून त्यावर काजळीनं डोळे, नाक आणि भरघोस मिशी काढली. तोंडाच्या जागी तिनं एक आडवी रेघ मारली. म्हणजे मला तोंडाची रेघ आहे, तोंड नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिचे यजमान तिप्पेस्वामी चष्मा पुसत माझ्याभोवती फिरले आणि म्हणाले, "ही मिशी माझी आहे."

"कपडे तुमचे," होन्नम्मा म्हणाली, "मग मिशी काय शेजाऱ्याची लावू?"

तिप्पेस्वामींनी एकतीस वर्षं नोकरी केली. अकरा बदल्या झाल्या आणि अकरा सरकारी क्वार्टर झाली. कुठल्याच भिंतीत स्वतःच्या मर्जीनं खिळा ठोकता आला नाही. होन्नम्माची अडचण वेगळी होती. ती चार फूट सात इंच होती आणि सगळ्या क्वार्टरांमधले ओटे तिच्याहून उंच बायकांसाठी बांधलेले होते. ती अकराही ठिकाणी पाटावर उभी राहून स्वयंपाक करत आली. नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, करायचे तर शिजत्या पिठात दांडका घालून अंगातला सगळा जोर लावून घोटावं लागतं. पाटावर उभं राहून जोर लावायचा म्हणजे कसरतच. एकदा पाट सरकला, ती पडली आणि उजवं मनगट मोडलं. ते जरा वाकडंच जुळलं. तिप्पेस्वामी त्या वेळी कचेरीत होते. संध्याकाळी त्यांनी पाटाला खालून रबर ठोकून दिलं. तेवढी काळजी ते घ्यायचे.

म्हणून निवृत्तीनंतर घर घ्यायचं ठरलं तेव्हा होन्नम्मानं एकच गोष्ट मागितली. घर कसलंही घ्या, कुठंही घ्या, ओटा माझ्या उंचीचा करा. तिप्पेस्वामी म्हणाले, त्यात काय मोठंसं, पहिल्या आठवड्यात होईल.

घर चाळीस वर्षांचं होतं. भिंती दणकट, छत गळकं, स्वयंपाकघर काजळून काळं झालेलं. कुबेरप्पा मेस्त्रीनं भिंतींवर थापा मारून आवाज ऐकला आणि तीन महिन्यांत काम संपेल असं सांगितलं. मेस्त्री लोकांना तीन हा आकडा फार आवडतो. मला गच्चीच्या कठड्याला बांबूवर चढवलं गेलं. होन्नम्मा खालून मान वर करून बघत होती. तीन महिन्यांत मी जळणार, या आनंदात मी हात पसरून उभा राहिलो.

मित्रांनो, पहिला आठवडा आला आणि गेला. तिप्पेस्वामींनी दर्शनी भागापासून सुरुवात केली होती. लोक घर बघतात ते रस्त्यावरून, आतून कोण बघतो, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षं लोक त्यांना 'कुठलं क्वार्टर, कितवा नंबर' असं विचारत आले होते. आता रस्त्यावरून जाणाऱ्यानं थांबावं आणि 'हे कुणाचं घर' असं विचारावं, एवढीच त्यांची इच्छा होती. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त पाहिलं जायचं होतं. आणि घराकडे कुणी पाहू नये म्हणून मला टांगलेलं होतं. एकाच गच्चीवर आम्ही दोघे उलट्या कामाला लागलो होतो.

समोर बोरय्या मास्तर राहायचे. निवृत्त हेडमास्तर. दोन्ही वेळा फिरायला निघत आणि आमच्या फाटकाशी काठी टेकून उभे राहत. ग्रॅनाइटचे खांब उभे राहिले तेव्हा ते म्हणाले, "काय तिप्पेस्वामी, घर बांधताय की बँक?" खांब उतरवले गेले. गोल खांब लागले तेव्हा म्हणाले, "आता देवळासारखं दिसतंय. देव कधी बसवणार?" गोल खांबांवर कमान चढवायचं ठरलं. कमान दोनदा पाडली. पहिली बसकी दिसते असं मास्तर म्हणाले आणि दुसरी उंच दिसते असं ते म्हणतील अशी तिप्पेस्वामींना खात्री वाटली. नजरेवर माझा इलाज होता. जिभेवर नव्हता.

मधेच कुणीतरी एका वास्तुशास्त्रज्ञाला घेऊन आलं. त्यानं होकायंत्र तळहातावर ठेवून घरभर फिरून सांगितलं की स्वयंपाकघर चुकीच्या कोपऱ्यात आहे, ते आग्नेयेला हवं. झालं. मागचं स्वयंपाकघर त्याच दिवशी पाडलं. आग्नेयेचा कोपरा माझ्या बरोबर खाली होता, पण तिथे सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या. कमानीचं काम होईपर्यंत त्या हलवता येत नव्हत्या. अशा रीतीनं घराला कमानी दोन होऊन गेल्या आणि स्वयंपाकघर एकही उरलं नाही.

होन्नम्मा रोज संध्याकाळी यायची. गवंड्यांसाठी चुरमुरे आणि कॉफी आणायची आणि आतल्या मोकळ्या जागेकडे बघत उभी राहायची. एक दिवस ती म्हणाली, "मेस्त्री, ओटा होईल तेव्हा होईल. माझं माप तरी घेऊन ठेवा."

भिंतींवर पाणी मारणं चालू होतं. अंगणात नुसता चिखल झाला होता आणि सगळे विटांवरून उड्या टाकत ये-जा करत होते. कुबेरप्पानं पिशवीतून ओळंबा काढला. होन्नम्मानं लुगड्याचा घोळ वर खोचला, हात कोपरात वाकवला आणि फोटोला उभी राहावी तशी ताठ उभी राहिली. कोपराखाली चार बोटं सोडून कुबेरप्पानं दोरा धरला आणि ओळंबा जमिनीला टेकेपर्यंत खाली सोडला. त्याचं तोंड मात्र तिप्पेस्वामींकडे होतं, कारण तिसऱ्या कमानीवरून दोघांचं वाजलं होतं. दोऱ्याला वर गाठ मारून त्यानं तो कापला.

"हरवायचा नाही हं," होन्नम्मा म्हणाली.

"ह्याच्या हातात देतो, अम्मा. साऱ्या कामावर रिकामा माणूस हाच एक आहे." आणि कुबेरप्पानं गच्चीवर येऊन तो दोरा माझ्या मनगटाला बांधला.

त्या दिवसापासून माझ्याकडे खरोखरीचं काम आलं. मी तो दोरा दोन पावसाळे सांभाळला. टरफलं ओली झाली, वाळली, पुन्हा ओली झाली. चिमण्यांनी खांद्यातून भोकं पाडली. मिशी पुसली गेली. लोक जाता-येता म्हणायचे, बाहुला मालकासारखाच खंगत चाललाय. दोरा होता तिथेच होता.

होन्नम्माला दुसऱ्या वर्षी धाप लागू लागली. पाय सुजायचे. दावणगेऱ्याच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप नीट मिटत नसल्याचं सांगितलं, उभं राहण्याची कामं कमी करा म्हणाले. ती आता वाळूच्या ढिगावर बसून राहायची. एका संध्याकाळी तिप्पेस्वामी कमानीवर कोणती वेलबुट्टी काढायची ते दाखवत असताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "कमान नंतर करा हो. एक दिवस मला त्या ओट्यावर मुद्दे वळू द्या. मग काय ती वेल काढत बसा."

"गृहप्रवेशाला लोक दारातून येणार की स्वयंपाकघरातून?" तिप्पेस्वामींनी विचारलं.

होन्नम्मानं वर माझ्याकडे बघितलं, दोरा आहे ना तेवढं पाहिलं आणि डबा उचलून घरी गेली.

कमान झाली. खरं सांगायचं तर चांगली झाली. एक दिवस एक मोटार थांबली, एक तरुण जोडपं उतरलं आणि त्यांनी आमच्या दर्शनी भागाचा फोटो काढला. 'हे कुणाचं घर' असंही विचारलं. तिप्पेस्वामी चार दिवस त्यावर जगले. ज्याला भेटतील त्याला सांगत होते. दोन वर्षांच्या कामाचं फळ काय मिळालं असं विचाराल तर ते हेच, आणि ते त्यांना पुरेपूर मिळालं.

पाचव्या दिवशी सकाळी भाड्याच्या घरात होन्नम्मा पाटावरून खाली उतरली, भिंतीला टेकून बसली आणि पुन्हा उठली नाही. चुलीवरचं पीठ करपलेल्या वासानं शेजारणी धावल्या.

गृहप्रवेश न झालेल्या घरात प्रेत आणत नाहीत. म्हणून तिला आमच्या घरावरून नेलं. फाटकासमोर अंत्ययात्रा मिनिटभर थांबली. मला वाईट नजर झेलायला टांगलं होतं, पण त्या दिवशी घराकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे खाली बघत होते. बोरय्या मास्तरांनी पायातल्या चपला काढल्या आणि काठी खाली ठेवून हात जोडले. तिप्पेस्वामींनी एकदा कमानीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी त्यांचाच शर्ट घालून उभा होतो.

तेराव्यानंतर त्यांनी सिमेंटच्या गोण्या स्वतः ओढून बाहेर काढल्या. मित्रांनो, दोन वर्षं न झालेलं स्वयंपाकघर अकरा दिवसांत झालं. कुबेरप्पा दोरा घ्यायला वर आला. गाठ पावसानं आवळली होती, ती त्यानं दातांनी सोडवली. खालून मला त्याचा आवाज ऐकू येत होता. तो दोरा लावून पुन्हा पुन्हा मोजत होता. "सार," तो शेवटी म्हणाला, "हा तर नेहमीएवढाच भरतोय."

"तिचं माप आहे ते, मेस्त्री. त्यात आता तुमचं डोकं चालवू नका."

तिप्पेस्वामी उभ्या आयुष्यात ओट्यासमोर उभे राहिले नव्हते. त्यांना उंच काय आणि ठेंगणा काय, कळणार कसं? ओटा दोऱ्याप्रमाणे झाला. मला कळत होतं, पण माझ्या तोंडाच्या जागी रेघ होती.

वर्षभर शुभकार्य नव्हतं, म्हणून मीही आणखी वर्षभर टांगलेला राहिलो. ज्या घराला आता कुणाचीच नजर लागायची उरली नव्हती त्याची राखण केली. वर्ष सरल्यावर गृहप्रवेश ठरला आणि त्या सकाळी मला उतरवून स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर टेकवलं. तिथून आतलं सगळं दिसत होतं.

तिप्पेस्वामींनी येणाऱ्या प्रत्येकाला आधीच बजावून ठेवलं होतं, ओटा होन्नम्माच्या मापाचा आहे, सगळ्यांना वाकावं लागेल, पण कुणी तक्रार करायची नाही. तुमकूरहून त्यांची मुलगी चंद्रकला आली होती. ती वडिलांवर गेलेली, चांगली उंच. दूध उतू घालवायचा मान तिचा. तिनं पदर खोचला, वाकायची तयारी केली आणि ओट्याशी गेली. वाकावं लागलं नाही. ताठ उभं राहून तिनं दूध उतू घालवलं. ते ओट्यावरून ओघळून खाली आलं, बायकांनी हात जोडले, मग सगळ्यांचे डोळे ओट्यावर गेले.

"आमचाही एवढाच आहे," बोरय्या मास्तर दारातून म्हणाले. या खेपेला टोमणा मारायचा त्यांचा विचार नव्हता.

कुबेरप्पानं खिशातून दोरा काढून पुन्हा लावला. सुतभर फरक नव्हता.

तिप्पेस्वामी ओट्याशी जाऊन उभे राहिले. त्यांनी त्यावर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "मला वाटायची त्यापेक्षा ती उंच होती."

चंद्रकला पदर तोंडाशी धरून मागच्या दारानं निघून गेली.

मला जाळायचं राहून गेलं. कुबेरप्पा काडी घेऊन आला होता, पण तिप्पेस्वामींनी त्याला थांबवलं. हे डोळे तिनं काढलेत, असं ते म्हणाले. आता मी परसात, लाकडांच्या ढिगावर, खिडकीशी पडून आहे. उंदरांनी एक पाय रिकामा केला आहे. मडक्याची चीर डोळ्यापर्यंत आली आहे. आत तिप्पेस्वामी एकटेच मुद्दे घोटत असतात. पिठात गुठळ्या होतात. पाठ मात्र दुखत नाही. दर्शनी भागाचा रंग उडाला आहे आणि आता फोटो काढायला कुणी थांबत नाही.

मित्रांनो, मला जाळा किंवा जपा, माझी काही तक्रार नाही. पण तुमच्या घरात काम निघालं तर मोठ्या माणसांना एवढं सांगा की सुरुवात आतून करावी. जिच्यासाठी करायचं तिला आधी उभं करावं. आणि तिचं माप घेताना खाली बघावं.

त्या दिवशी अंगणात चिखल होता. होन्नम्मा दोन विटांवर उभी होती.