काजळीच्या खोंडाचा बाप

"अगं, खोंड धुतेस की नवरदेव नटवतेस? तास झाला!" आई गोठ्याच्या दारातून ओरडली.

मी काहीच बोलले नाही. मी गप्प बसले की आमच्या घरात आधी कपाळाला हात लावून ताप बघतात. गल्लीत मला भोंगा म्हणतात, उगाच नाही.

सहा महिन्यांचा खोंड, पण काय देखणा! वशिंड उभं, पाय काटक, डोळ्यांभोवती त्याच्या आईसारखं, आमच्या काजळी गाईसारखं काजळ. आमच्या जातीच्या गाई उरल्यात सगळ्या मिळून एकतीस, सात घरांत. सात घरांचा वळू एकच, थोरला, आणि तोही आता थकलेला. त्याच्या जागी कोण, हे आज ठरायचं होतं. त्याला कागदबिगद लागत नाही. घरच्या माणसानं खोंडाच्या वशिंडावर हात ठेवायचा आणि आई कोण, बाप कोण ते सांगायचं. तो शब्द म्हणजेच दाखला.

आणि बाप कोण, हे मला ठाऊक नव्हतं.

सव्वा वर्षापूर्वी काजळी माजावर आली, तेव्हा आबा, म्हणजे माझे आजोबा, थोरल्याला आणायला पहाटेच निघाले. "पोरी, दार सोडू नकोस. डेअरीवाल्याचा ढब्बू मोकाट असतो." ढब्बू संकरित, बिनवशिंडाचा, कुंपणं मोडण्यात पटाईत.

"आबा, मी आहे ना!" त्या वर्षी मी हे वाक्य उठता-बसता म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. गोठ्यात हातवारे करायला जागा पुरेना, म्हणून मी मागच्या कडब्याच्या गंजीवर चढले आणि ठणकावून सांगू लागले, "बंधूंनो आणि भगिनींनो, आपलं देशी गोधन आपणच राखलं पाहिजे!" विषयच तो होता. टाळ्यांसाठी थांबले, तेव्हा गोठ्यातली साखळी वाजली. धावले, तर ढब्बू काजळीच्या अंगावरून उतरत होता. काठी मोडेस्तोवर मारलं मी त्याला. पण बैल गेला आणि झोपा केला, त्याचा काय उपयोग?

दुपारी आबा थोरल्याला घेऊन आले. काजळीनं त्यालाही घेतलं. मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शाळेत उघडलं आणि कप जिंकला. आबांनी तो गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवला. "काजळीलाही बघू दे." तेव्हापासून रोज शेण काढताना मी त्या कपाकडं पाठ करायचे.

आज दुपारी बाकीच्या सहा घरांचे सहा म्हातारे आले.

"आबा, खोंड म्हणायचा की चित्र!"

"दात बघू जरा."

"तुमचे पडले म्हणून त्याचे मोजता काय?"

सगळे हसले. आबांची छाती तर गोठ्यात मावत नव्हती. ते मला म्हणाले, "या वकीलबाई, तुम्हीच सांगा. तुमच्या पहाऱ्यातला आहे."

मी वशिंडावर हात ठेवला. ऊन ऊन लागलं. खोंडानं माझं कोपर चाटलं.

"आई काजळी," मी म्हटलं. आबा मानेनं 'हं, हं' करत होते. "बाप... नक्की नाही, आबा." मग सगळं सांगितलं, अगदी गंजीसकट.



एक म्हातारा हळूच म्हणाला, "दिसतो तर थोरल्याचाच. पोरीचं काय मनावर घ्यायचं?"

"दिसण्यावर जायचं असतं," आबा म्हणाले, "तर तीस वर्षं मी वळूमागं कशाला चाललो असतो? हा औताला जाईल. उठा."

आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कप कोनाड्यातून उतरवला आणि त्यानं काजळीचा भरडा मोजू लागले. एवढं सोन्यासारखं जनावर माझ्या टाळ्यांपायी औताला जुंपायचं! ते मला बघून अजूनही उड्या मारायचं, म्हणून जास्तच लागायचं.

नवव्या दिवशी काजळी पुन्हा माजावर आली.

"थोरल्याला आता एवढं चालवत नाही," आबा कुणाकडंच न बघता म्हणाले. "हिलाच न्यायची. दोन कोस आहे." मग दावं माझ्यापुढं धरलं. "घे. आणि वाटेत भाषण नको."

'मी आहे ना' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. दोन कोस दाव्यावरचा हात बदलला नाही.