राहून गेलेली थट्टा

कूदूगू गावात शहीद नोबिलाच्या पुण्यतिथीला हसायची सोय नव्हती. तशी पाटी काही कुणी लावली नव्हती. पण समितीचे अध्यक्ष कूदा मास्तर असं तोंड करून बसायचे, की शेळीसुद्धा मंडपापाशी येऊन परत फिरायची. छत्तीस वर्षं हेच चाललं होतं, आणि चवळीची भजी विकणाऱ्या म्हाताऱ्या आसिता पारेला ते छत्तीस वर्षं खुपत होतं.

खुपणारच! ती सामो, नोबिला मोस्सी. या दोन जमातींचं थट्टेचं नातं खापरपणजोबांच्याही आधीचं. एरवी एकमेकांना गुलाम म्हणायचं, आणि मोस्सी मेला की सामोने त्याचे कपडे चढवून त्याची नक्कल करायची, रडणाऱ्या घराला हसवायचं आणि मगच त्याला वाटेला लावायचं. नोबिला गिरणी कामगारांचा पुढारी होता. क्रांतीचं सरकार उलटलं त्या आठवड्यात सैनिकांनी त्याला गोळ्या घातल्या आणि घाईघाईत पुरून टाकलं. ना विधी, ना थट्टा.

"माझा गुलाम अजून दारातच ताटकळलाय," आसिता भजी तळता तळता म्हणायची.

यंदा नोबिलाची मुलगी लामिता शेजारच्या देशातल्या आबिजानहून आली होती. बाप गेला तेव्हा ती दोन महिन्यांची होती. पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी ती आसिताच्या चुलीपाशी येऊन बसली.

"मावशी, मी आता पुन्हा येणार नाही. ज्याला विचारावं तो मला शहीदच दाखवतो. ते चिडायचे का, कसे चालायचे, कुणी सांगतच नाही. उद्या हार घालते आणि सुटते."

आसिताने झारा खाली ठेवला. बाप तर गेलाच, आता लेकही तोंड फिरवणार, आणि बिचारा नोबिला कायमचा कूदा मास्तरांच्या तावडीत! आपल्या हातात एकच गोष्ट आहे, हे तिला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर भाषणाच्या आठव्या पानावर होते. "ते कधी थकले नाहीत, कधी चुकले नाहीत, कधी भ्याले नाहीत..."

एवढ्यात मंडपात सायकल शिरली. सायकल ढकलत आसिता. अंगात पुरुषी विजार, हातमागाचा सदरा, तिरकी टोपी, डावा खांदा वर उचललेला. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी तो खांदा लगेच ओळखला; नोबिला असाच चालायचा.

"अगं आसिता! शहिदांचा अपमान करतेस?" मास्तर कडाडले.

"कोण आसिता? मी नोबिला. खाली बस रे कूदा, तुझं भाषण तेव्हाही असंच लांबायचं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"साथींनो!" आसिताने मूठ उगारली. "गोऱ्याची टोपी डोक्यावरून काढायला क्षण पुरतो, डोक्यातून काढायला पिढी लागते! आपला कापूस, आपला माग, आपला सदरा!" मग पाठ खाजवत ती हळूच म्हणाली, "मेला टोचतो फार. पण टोचू दे, आपला आहे."

आता मंडप खदखदायला लागला. लामिता टक लावून पाहत होती.

"पुरुषांनी बाजार करायचा असा क्रांती सरकारचा हुकूम निघाला ना, तेव्हा मी सगळी किडकी वांगी घरी नेली. म्हटलं, किडक्यांनाही न्याय हवा! बायकोने तीन दिवस मला तीच वाढली. आणि हे काय?" ती हार घातलेल्या तसबिरीकडे वळली. डोळे मिटलेल्या नोबिलाखाली मास्तरांनी 'चिंतनमग्न' असं लिहून घेतलं होतं. "कसलं चिंतन? ही कारटी रात्रभर भोकाड पसरायची! भर सभेत डुलकी लागली होती मला!"

लामिता पोट धरधरून हसली. मास्तरांची मिशीसुद्धा हलली, कितीही नाकारोत.

हसू ओसरलं तशी लामिता उठून उभी राहिली. मेलेल्याचे कपडे घातलेल्या माणसाला काहीही विचारता येतं, आणि त्याने खरंच बोलायचं असतं.

"सैनिक येणार हे तुम्हाला आधीच कळलं होतं ना? मग पळून का गेला नाहीत?"

ती संध्याकाळ आसिताने आजवर कुणालाही सांगितली नव्हती. थट्टेवारी नेणं सोपं होतं. तिने ते केलं नाही.

"निघालो होतो गं. सायकलही काढली. वाटेत या सामो भजीवालीकडे भजी घ्यायला थांबलो, तर हात इतके थरथरत होते की पुडी दोनदा खाली पडली. मग वाटलं, मी सापडलो नाही तर ते तुझ्या आईला नेतील. म्हणून परत फिरलो. रडत गेलो घरापर्यंत."

कूदा मास्तरांनी आठवं पान घडी करून खिशात घातलं.

"म्हणजे भ्यालात," लामिता म्हणाली.

"फार."

ती पुढे आली. "मीपण फार भित्री आहे, बाबा. सगळे म्हणतात, शहिदाची मुलगी आणि अशी कशी?"

"अशी कशी म्हणजे?" नोबिला म्हणाला. "माझ्यावर गेलीस."