खांडववनातली पिलं

कीर्तन म्हटलं की मी भरल्या ताटावरून उठतो. पनवेलच्या आसपास कुठेही असो, झांज घेऊन हजर. उलव्याला, मला काका म्हणणाऱ्या धनेशच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत ठरली, तेव्हा कीर्तनाला कुमुदताईंना मीच बोलावलं. फोनवर नको ते बोलून बसलो, "ताई, आख्यान आजचं वाटू दे. धनेशचं गाव विमानतळासाठी उठलं, डोंगर फोडला. माती वाहायला धनेशचेच डंपर होते."

पूर्वरंग सुरेख झाला. शेवटी ताई म्हणाल्या, "आता ऐकू खांडववन. अग्नीची भूक भागवायला कृष्णार्जुनांनी अख्खं रान जाळू दिलं. आजच्या अग्नीला चाकं असतात, तो डिझेल पितो. त्या रानात एका पक्षिणीची चार पिलं होती, पंख न फुटलेली."

मंडळी हसली, मग सगळ्या माना धनेशकडे वळल्या.

मध्यंतराचा गजर सुरू झाला. यजमानाने कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालायचा, मगच आख्यान, अशी रीत. धनेश हार मांडीवर घेऊन बसून राहिला. गजर तीनदा फिरवला. झांज धरलेले हात भरून आले.

"काका, डंपरचं यांना कोणी सांगितलं?"

"मीच."

"माझ्याच घरात बसून मलाच जाळता काय?"

ताई हात जोडून उभ्या. इतक्या वर्षांत अर्ध्यावर मोडलेलं कीर्तन मी पाहिलं नव्हतं. आज देवापुढची सेवा माझ्या जिभेपायी मोडणार होती. पांडुरंगा, सांभाळ.

धनेशची आई, भामाबाय, पुढेच बसली होती. तिने हात लांबवला.

"दे इकरं. पिलांचा काय झाला ता ऐकूं दे मना."

तिनेच बुक्का लावला, हार घातला. ताईंनी पुन्हा सूर लावला. आग भोवताली आली, पिलांनी अग्नीची स्तुती केली, आणि अग्नीने त्यांना सोडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला हायसं वाटलं.

भामाबायने टाळी वाजवली नाही.

"बाय, रान तं जललं. मंग ती रायली कुटं?"

"पोथीत आहे, दुसऱ्या देशी गेली."

"कुटच्या?"

"ते लिहिलेलं नाही, मावशी."

भामाबाय मान हलवत राहिली. धनेश उठला, निरांजन पेटवायला गेला. तीन काड्या मोडल्या त्याने. आरतीला मी झांज उचलली, पण ठेका काही केल्या सापडेना.