आधी जुनं वाचा

कन्नड मुलखातल्या हिनकलच्या त्या घरात सलग मराठी बोलणारं माणूस आता एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे भुजंगराव स्वतः. पत्नी जमुनाबाई निम्म्या वाक्यात कन्नडवर जात. सून रम्या मराठी समजून घेई, पण उत्तर तिला सुचेल त्या भाषेत देई. म्हणून सकाळची कॉफी झाली की भुजंगराव पुढच्या खोलीत संगणक लावून 'कुसुंबी'वर जाऊन बसत. झाडपाल्याच्या रंगांनी घरच्या घरी कापड रंगवणाऱ्या मराठी मंडळींचा तो इंटरनेटवरचा अड्डा होता. भुजंगरावांचे वाडवडील रंगारी, त्यामुळे हिरडा कसा भिजवावा आणि तुरटी केव्हा घालावी हे विचारावं तर त्यांनाच. तिथे त्यांच्या शब्दाला वजन होतं. दिवसभरात दुसरीकडे कुठेही ते नव्हतं.

कुसुंबीची मांडणी घरासारखी होती. नव्या माणसाने ओसरीत थांबायचं, तिथेच आपला प्रश्न मांडायचा, आणि तीन जुन्या सभासदांनी 'आत या' असं लिहिलं की मगच त्याला माजघरातली बोलणी दिसायची. रीत भुजंगरावांनीच घालून दिलेली. टी. नरसीपूरचे रणोजीराव आणि पुण्याचा पद्मनाभ लवकर विरघळत. भुजंगराव मात्र प्रत्येकाला एकच ओळ लिहीत : 'आधी जुनं वाचा.' त्यावर पद्मनाभ हटकून लिहायचा, 'सासूबाई ओसरीत फिरकून गेल्या वाटतं.' भुजंगरावांना ते आवडायचं.

वेदवती नावाची एक बाई त्या उन्हाळ्यात ओसरीत आली. तलकाडजवळ राहणारी. मंजिष्ठेत रंगवलेलं तिचं कापड कढईतून लालभडक निघे आणि धुतलं की काळवंडे. तिच्या बोअरच्या पाण्यात लोखंड असणार, धुवायला पावसाचं पाणी घेतलं असतं तर काम झालं असतं. एका ओळीचं उत्तर. दोघांनी तिला 'आत या' म्हटलं. भुजंगरावांनी आपली ओळ लिहिली. काही दिवसांनी तिने नम्रपणे कळवलं की तिने ओसरीतलं सगळं जुनं वाचलं, पण जिथे जिथे हा प्रश्न आहे तिथे तिथे खाली तीच ओळ आहे. भुजंगरावांनी पुन्हा तीच ओळ लिहिली. पुढे ती बोलली नाही. तिचं नाव मात्र ओसरीत तसंच दिसत राहिलं.

आणि मग एका सकाळी पडद्यावर आलं : 'नव्या सभासदाचं ओसरीत स्वागत.'

काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल म्हणून त्यांनी रम्याला हाक मारली. तिने ओल्या हाताने दोन-तीनदा करून पाहिलं.

"पासवर्ड सरी आहे, बरोबर आहे, मामा. नाव पण तुमचंच. पण हे खातं आजच उघडलंय म्हणतंय." मग त्यांचा चेहरा बघून म्हणाली, "बिडी मामा. सोडून द्या. दुसरं काहीतरी बघा की."

ते सोडून देण्यासारखं नव्हतं. त्यांनी ओसरीत लिहिलं की मी भुजंगराव, काही घोटाळा झालाय, मला आत घ्या. पद्मनाभने लगेच उत्तर दिलं, 'पाहुणे थेट देवघरात निघाले. चपला तरी काढा.' मात्र त्यानेच खाली 'आत या' असंही लिहिलं. थोड्या वेळाने रणोजीरावांनीही लिहिलं. तिसरं नाव उमटलं तेव्हा भुजंगराव चष्मा पुसून पडद्याजवळ सरकले. नाव त्यांचंच होतं, शेजारी त्यांचाच फोटो, आणि पुढे ती ओळ.

त्यांनी ओसरीतलं जुनं वाचून पाहिलं. खूण पटेल असं काही हाती लागावं म्हणून चर्चेचा प्रत्येक धागा उघडला. प्रत्येक धागा त्याहून जुन्या धाग्याकडे पाठवी, आणि सगळ्यांच्या तळाशी त्यांचीच ओळ होती.

शेवटी त्यांनी रणोजीरावांना फोन लावला. रणोजीरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भुजंगरावांचा आवाज छान जमलाय तुम्हाला," ते म्हणाले.

भुजंगरावांनी टी. नरसीपूरच्या संगमावरची गोष्ट काढली. दोघे पहिल्यांदा तिथे भेटले होते, रणोजीरावांचं नवं उपरणं पाण्यात वाहून गेलं होतं आणि सबंध दुपार ते टॉवेल पांघरून हिंडले होते.

"हे त्यांनी माजघरात लिहिलंय की. म्हणजे तुम्ही कुठूनतरी जुनं वाचून आलात. चांगलं केलंत." रणोजीरावांच्या आवाजात खरंच माया होती. "धीर धरा. ते कडक आहेत, पण वाईट नाहीत. आमची दोघांची हरकत नाही. त्यांनी हो म्हटलं की झालं."

दुसऱ्या दिवशी जमुनाबाईंनी कॉफी आणली ती कपबशीतून. त्या घरात घरची माणसं स्टीलच्या लोट्यातून, म्हणजे उभ्या पेल्यातून कॉफी घेत आणि कपबश्या कुणी आलं तरच निघत. भुजंगरावांनी कपाकडे पाहिलं, मग बायकोकडे. लोटा कुठे गेला असं विचारल्यावर तिने घासायला टाकलाय असं काहीसं सांगितलं, आणि ते सांगताना पदर सारखा केला. पुढच्या दिवशीही कपच आला, सोबत बशीत दोन बिस्किटं. ती काही दुष्टाव्याने करत नव्हती. उलट नेहमीपेक्षा हळू बोलत होती, आणि त्यामुळेच भुजंगरावांना तिला काही विचारवेना.

संध्याकाळी हुणसूर रस्त्याला पाय मोकळे करून ते परतले, तर ओसरीतला पुढचा जाळीचा दरवाजा आतून लावलेला होता. त्यांनी कडी वाजवली. जमुनाबाई आल्या, जाळीपलीकडे थांबल्या.

"बसा हं," त्या म्हणाल्या. "आत विचारून येते."

आत पुढच्या खोलीत संगणकाचा निळसर उजेड होता. कुणीतरी घसा खाकरला, उत्तर द्यायच्या आधी भुजंगराव नेहमी खाकरत तसा. मग खुर्ची करकरली, आणि जमुनाबाई स्वयंपाकघराकडे वळल्या. कपबशी काढल्याचा आवाज आला.

भुजंगराव मागे फिरले. ओसरीतल्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर घडी घातलेलं, काळवंडलेलं कापड. तिने चेहरा वर करून त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू यांना तरी ठाऊक असेल. भुजंगरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. लाल रंग धुतल्यावर काळा का पडतो, हे त्यांना कळत्या वयापासून माहीत होतं. ते आठवत उभे राहिले, उभे राहिले, आणि काहीच आलं नाही.

बाई बाकावर जरा सरकली.

"बसा," ती म्हणाली. "तुमचा प्रश्न काय आहे?"