नियम तिसरा

दातांना बसवलेली तार दर सहा आठवड्यांनी आवळावी लागते.

कॅफेच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल एकच.

गुरुवारी अकरा वाजता न्यायाधीश ठरवणार, नऊ वर्षांची चिमणी आईकडे राहणार की बापाकडे.

नियम तिसरा: गटातलं कोणी बाहेर भेटलं, तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही.

“कुंडी टेबलाच्या मधोमध ठेवा, वेटर बघतोय.”

गट अकरा जणांचा. एकाहून अधिक जोडीदार, पण सगळं एकमेकांना सांगून, सगळ्यांच्या संमतीने. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी जमायचं. साधे कपडे, हळू आवाज, हातात हात नाही, शेजारी लहान मुलं बसली तर हवापाण्याच्या गप्पा. बुकिंग ‘बागकाम मंडळ’ या नावाने. नियम घालून दिले होते एका निवृत्त नर्सने. तिला सगळे मावशी म्हणत, आणि ती ते औषधाच्या वेळांसारखे पाळून घ्यायची.

चिमणीची आई, गणिताची शिक्षिका, खिडकीशी बसली होती. दोन खुर्च्या सोडून चिमणीचा दातांचा डॉक्टर. तो गटात नवा. त्याला इथे पाहून ती पहिल्यांदा दचकली होती, मग दोघं हसले होते.

जिन्यावर पावलं वाजली.

“वहिनी? अगं, तू इथे?”

नणंद. बोटांना चटणी लागली होती.

“खाली नळाला पाणी नाही म्हणून हात धुवायला वर आले, तर तू! काय चाललंय हे?”

“बागकाम,” मावशी म्हणाली.

“हिचं? अहो, हिच्याकडे कॅक्टससुद्धा मेला होता!”

सगळे हसले. जरा जास्तच.

तेवढ्यात नणंदेला डॉक्टर दिसला. “डॉक्टर, तुम्हीही? गेल्या महिन्यात मीच चिमणीला घेऊन आले होते, आठवतंय ना?”

“हो, हो.”

“मग वहिनीनेच ओढून आणलं वाटतं तुम्हाला?”

डॉक्टरने नियम पाठ केले होते. “नाही,” तो म्हणाला. “यांना मी ओळखत नाही. आजच पाहतोय.”

कोणाचा तरी चमचा बशीवर आपटला. चिमणीच्या फाइलवर गेला महिना सोडला तर दर भेटीला आईची सही असते. नणंदेने त्या सह्या पाहिल्या होत्या.

“काय म्हणालात?”

डॉक्टरचे कान लाल झाले. मावशीने कुंडी उगाच इंचभर सरकवली. टोकाला बसलेल्या पाळणाघरवाल्या बाईने मेनूकार्ड तोंडासमोर धरलं.

डॉक्टर थट्टा करतायत असं शिक्षिकेने म्हणावं, तर नणंद एकच गोष्ट घरी घेऊन जाणार: वहिनीचं आणि डॉक्टरचं काहीतरी आहे. गुरुवारपर्यंत ती भावाच्या वकिलाकडे पोचणार. आणि खरं सांगावं, तर त्यात इतर दहा जणांचंही गुपित होतं, आणि ते शिक्षिकेच्या मालकीचं नव्हतं.

शिक्षिका उठली. “डॉक्टर घाबरले. त्यांचं-माझं काही नाही. चल, खाली बसू, सांगते.”

“इथेच सांग ना. कोण आहेत ही माणसं?”

“माझ्याबद्दल हवं ते विचार. यांच्याबद्दल एक शब्द नाही.”

“वहिनी, गुरुवारी तारीख आहे. कळतंय ना तुला?”

“तारीख माझीच आहे गं.”

नणंद हात धुवायचे विसरली. शिक्षिका पर्स घेऊन पुढे झाली. जिन्याच्या वळणावर, मागे न बघता, तिने एका दमात सांगून टाकलं, “माझ्या आयुष्यात दोन माणसं आहेत. दोघांनाही एकमेकांबद्दल माहीत आहे. चिमणीला अजून नाही.”

मागची पावलं थांबली.

सहा दिवसांपूर्वी, सोमवारी, नणंदेने भावाला न सांगता कोर्टात लिहून दिलं होतं की मुलगी आईकडेच राहावी.